पोळ्यांच्या डब्यातली रोपं

बाईंनी कुणाचं तोंडावर कौतुक केलेलं मला आठवत नाही. तुम्ही धावत जाऊन काहीही सांगा, प्रयोग जमला, शिष्यवृत्ती मिळाली, लग्न ठरलं, बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि म्हणायच्या, "बरं, मग?" वर्गात हेच हिंदीत व्हायचं, "अच्छा, फिर?" तीजेच्या सणाच्या सुमाराला विभागातल्या एका मुलाने साखरपुड्याची मिठाई म्हणून घेवर आणला, तर तुकडा तोंडात टाकता टाकता बाईंनी त्यालाही तेच विचारलं. तो बिचारा गांगरून म्हणाला, फिर शादी होगी, मॅडम. तेव्हापासून जयपूरच्या त्या वनस्पतिशास्त्र विभागात त्यांचं नाव 'फिर मॅडम' पडलं ते पडलंच. मी मात्र त्यांना बाई म्हणायची. अख्ख्या विभागात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

माझे वडील विमा कंपनीत अधिकारी. त्यामुळे आमचं बिऱ्हाड कायम पाठीवर. नागपूर, रायपूर, भोपाळ करत आम्ही जयपूरला आलो ते जगतपुऱ्यातल्या एका नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये, जिथे नळाला पाणी येण्याआधी रिक्षा यायला लागल्या. मी पीएच.डी.साठी बाईंकडे गेले तेव्हा त्यांनी अर्जावरचं आडनाव वाचलं आणि थेट मराठीत विचारलं, कुठली गं तू? मी वरची सगळी गावं ओळीने सांगितली. "मी गाव विचारलं, वडिलांच्या बदल्या नाही," बाई म्हणाल्या. गाव असं आमचं कुठलं नव्हतंच. माझी पाचावर धारण बसलेली बघून त्या म्हणाल्या, "बस की. पाणी पी. आमच्या प्रथिनांचंही असंच असतंय." मला वाटलं, बाई जरा चक्रम दिसतात.

बाई मूळच्या सांगलीच्या. पंचवीसेक वर्षं राजस्थानात काढूनही त्यांच्या मराठीतला 'की' आणि 'गं' हलला नव्हता, आणि हिंदीही त्या सांगलीच्याच चालीत बोलायच्या. शिकवायच्या मात्र अशा, की मागच्या बाकावरची जांभई अर्ध्यात थांबावी. पेशीच्या आत बरेच कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्याभोवती एक तेलकट, पातळ पापुद्रा असतो. काही प्रथिनं जन्मापासूनच अशा पापुद्र्यात शिवलेली असतात, आणि त्यांना एका कप्प्यातून दुसऱ्यात पाठवणं हे पेशीचं रोजचं काम. पुस्तकं म्हणतात की पेशी म्हणजे पोस्ट ऑफिस. बाईंना त्या उपमेचा मनापासून तिटकारा होता. पाकिटाला काय कळतंय, ते आपलं पडून राहतं, असं त्यांचं म्हणणं.

"हे प्रथिन एकटं जात नाही," त्या माझ्याकडे बोट दाखवून वर्गाला सांगायच्या, "इसके पिताजी जैसा." पापुद्र्याचा तेवढा तुकडाच फुग्यासारखा सुटतो आणि पुढच्या कप्प्याच्या पापुद्र्याला जाऊन मिळतो. म्हणजे सगळं बिऱ्हाड घेऊन बदली. बदलीचा हुकूम प्रथिनाच्या स्वतःच्या शेपटातच लिहिलेला असतो, आणि तो वाचणारे वाटेत ठिकठिकाणी बसलेले असतात. मग कुणी पेशीच्या सीमेवरच्या पापुद्र्यात जातं, तर कुणी आतल्या रिक्तिकेत. रिक्तिका म्हणजे वनस्पतीच्या पेशीची बहुतेक जागा अडवून बसलेली पाण्याची पिशवी. नाव रिक्तिका असलं तरी ती घरातली टाकीही असते, अडगळीची खोलीही असते, आणि नको झालेलं सामान जिरवून टाकणारं पोटही असते. एवढं ऐकून झालं की मुलं माझ्या वडिलांची चौकशी करायची, आजकल कहाँ पोस्टिंग है अंकलजी की.

त्यांच्या प्रयोगशाळेत एका शब्दाला बंदी होती. 'खराब' म्हणायचं नाही. रोपं वाढवायच्या प्लेटमध्ये बुरशी आली, रोपं पिवळी पडली, काहीही झालं आणि मी "बाई, खराब झालं" म्हटलं, की ठरलेलं वाक्य यायचं. "खराब म्हणजे काय झालं ते सांग." मग रंग कसा, वास कसा, कुठल्या कडेपासून सुरुवात झाली, हे उभ्या उभ्या सांगावं लागायचं. पहिल्या वर्षी मला याचा इतका संताप यायचा, की स्कूटरवरून घरी जाताना मी हेल्मेटच्या आत त्यांच्याशी मोठमोठ्याने भांडायची. पुढे सवय झाली. आता माझे विद्यार्थी बहुधा हेल्मेटमध्ये माझ्याशी भांडत असतील.

बाईंच्या नावावर पेपर बरेच होते, पण लोक ओळखायचे ते एकामुळे. मुळांच्या पेशींत एक प्रथिन असतं, जे जमिनीतून आत शिरलेला खारेपणा परत बाहेर ढकलतं. जिथल्या विहिरींचं पाणी जिभेला लागताच तोंड वाकडं होतं, त्या राजस्थानात अशा प्रथिनाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. बाईंनी जर्मनीत दोन वर्षं राहून त्या प्रथिनाला हिरवं चमकणारं शेपूट जोडलं, मोहरीच्या नात्यातल्या एका चिमुकल्या रोपात ते बघितलं, आणि लिहिलं की हे प्रथिन एकदा सीमेवर पोचलं की तिथेच ठाण मांडून बसतं. आत रिक्तिकेत ते कधी जात नाही. त्याची बदली होत नाही. ही गोष्ट पुढे पाठ्यपुस्तकातसुद्धा एका ओळीने आली.

त्या दोन वर्षांची दुसरी बाजू आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक होती. बाई गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मीनल सहा वर्षांची होती, आणि तिला सांगलीला सासूबाईंकडे ठेवलं होतं. गणपतीत प्रसादाच्या रांगेत बायका हळहळायच्या, कामापायी बिचारीने काळजावर दगड ठेवला, केवढा त्याग. बाई नुसतं द्रोणातलं खोबरं वेचत बसायच्या. मीनल आता पुण्यात नोकरीला होती. तिचा दर रविवारी फोन यायचा, आणि तो चहा उकळायच्या आत संपायचा.

माझा प्रबंध बाईंच्याच त्या प्रथिनावर होता. ते सीमेवर टिकून कसं राहतं, हे मला शोधायचं होतं. आमच्याकडचा सूक्ष्मदर्शक साधा. पेशीचा एकेक थर वेगळा करून दाखवणारं मोठं यंत्र दिल्लीच्या एका संस्थेत होतं. तिथे आम्हाला एक दुपार मिळाली, आणि प्रश्न आला की रोपं न्यायची कशात. बाईंनी घरून पोळ्यांचा स्टीलचा डबा आणला. आमच्या गोल प्लेटा त्यात नेमक्या मावत होत्या. तळाशी ओला पंचा, वर घट्ट झाकण. गाडीत समोर बसलेल्या आजींनी तो डबा बघून आपली शिदोरी उघडली आणि आम्हालाही खाना निकालो म्हणून आग्रह सुरू केला. डब्यात काय आहे हे सांगायची माझी हिंमत होईना. बाईंनी शांतपणे पिशवीतून जयपूरच्या राजा पार्क भागातली कचोरी काढून आजींच्या हातावर ठेवली.

दिल्लीला पोचलो तर यंत्र बंद. उद्या या म्हणाले. आम्ही त्यांच्या अतिथिगृहात राहिलो, आणि धूळ-बुरशी नको म्हणून डब्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहिलं मूळ काचेखाली ठेवलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पेशींच्या कडेला जी लखलखीत हिरवी रेघ असायची ती फिकट झाली होती, आणि मधली सगळी पिशवी हिरव्या धुक्याने भरली होती. दुसरं रोप तसंच, तिसरं तसंच. यंत्र चालवणारा भैया म्हणाला, मॅडम, सॅम्पल बासी हो गया. माझ्या शिष्यवृत्तीचं ते शेवटचं वर्ष होतं. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, बाई, सगळी खराब झाली.

"खराब म्हणजे काय झालं ते सांग."

मी सांगितलं. कडेचं हिरवं कमी झालंय, मधलं वाढलंय.

"म्हणजे कुठून कुठे गेलं?"

"बाहेरून आत," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी मला कळलं की मी काय बोलून बसले. बाईंनी मला उठवलं आणि स्वतः त्या खुर्चीवर बसल्या. तिन्ही मुळं त्यांनी पुन्हा एकेक करून बघितली. मग इतकंच म्हणाल्या, "हे आत जातंय गं." परतीच्या गाडीत त्यांनी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

जयपूरला आल्यावर आम्ही एकाच दिवशी पेरलेल्या रोपांचे दोन भाग केले. निम्म्या प्लेटा नेहमीसारख्या दिव्याखाली, निम्म्या काळ्या कागदात गुंडाळलेल्या. नवं प्रथिन तयार होऊ नये म्हणून औषधही घालून बघितलं. आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही फरक धडधडीत दिसला. सीमेवरचं जुनंच प्रथिन आत रिक्तिकेत जात होतं. ते उजेडातही जात असणार. पण रिक्तिकेतले पाचक रस उजेडात ती हिरवी चमक इतक्या झपाट्याने जिरवून टाकतात, की बघणाऱ्याला तिथे काही नाहीच असं वाटतं. अंधारात ती चमक टिकते. जर्मनीत रोपं दिव्याखाली वाढत होती आणि सूक्ष्मदर्शक शेजारच्याच खोलीत होता. रोपं उचलायची, लगेच बघायची. अशी काळजी सगळेच घेतात, आणि त्या काळजीनेच बाईंचा घात केला होता. दिवसभर रोपं डब्यात कोंडून ठेवण्याचा गलथानपणा त्या नीटनेटक्या प्रयोगशाळेत कोण करणार?

मी माझ्या परीने तोडगा काढला. प्रबंधात लिहू या, अंधारात असं असं घडतं. तुमच्या पेपरचं नाव काढायला नको, उजेडातलं तुमचं निरीक्षण तर तसंच उभं आहे. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्यानंतरही आल्या नाहीत. ताप असतानाही गोळी घेऊन वर्ग घेणारी ही बाई. विभागात सगळे मला विचारायला लागले, मतलब, तूने कुछ कहा क्या?

शेवटी मी राजा पार्कला त्यांच्या घरी गेले. बाईंचे यजमान वारल्यापासून त्या तिथे एकट्याच असायच्या. दार उघडून त्यांनी मला आत घेतलं, चहा टाकला, आणि मला काही विचारायची वेळच आली नाही. "पेपर चुकला याचं मला फार वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पेपर चुकतात. मी मीनलला काय सांगू?"

मला आधी कळलंच नाही. मग त्या कपाशी चाळा करत बोलत गेल्या. त्या परत आल्या तेव्हा आठ वर्षांची मीनल त्यांच्याजवळ यायला तयार नव्हती. आजीने तिला समजावलं की आई मोठं काम करायला गेली होती. बाईंनी तो पेपर तिला दाखवला, त्यातला हिरव्या रेघेचा फोटो दाखवला, म्हणाल्या, बघ, यासाठी गेले होते. पुढे कधी शाळेतलं स्नेहसंमेलन निघालं, कधी आजारपण निघालं, कधी आईविना काढलेल्या दिवाळ्या निघाल्या, की बाई आणि सगळं घर त्या पेपरकडे बोट दाखवायचं. पोरगी गप्प व्हायची. "आणि खरं सांगू का तुला? मला तिथे आवडत होतं. सकाळी उठून कुणाचं काही करायचं नाही. सायकल काढायची, प्रयोगशाळेत जायचं, मनाला येईल तेवढं बसायचं. पहिले सहा महिने पोरीच्या आठवणीने रडले. पुढे रडू येईना. त्याचीच लाज वाटायची, म्हणून जास्त काम करायची. लोकं त्याग म्हणतात. त्याग कसला? मला जायचं होतं, गेले. पेपर होता म्हणून हे कधी बोलावं लागलं नाही. आता तोही गेला."

मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, लग्न नाही, मूल नाही. चहा पिऊन निघाले. पण त्या सोमवारी बाई विभागात हजर होत्या, आणि आल्या आल्या त्यांनी तो जुना पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं. आमचं निरीक्षण उजेडात वाढवलेल्या रोपांपुरतं खरं आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, अशा सरळ वाक्यात. माझा पेपर छापून येण्याआधी हे गेलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. नाहीतर विद्यार्थिनीने बाईंना पाडलं, अशी चर्चा व्हायची आणि माझ्या नोकरीच्या मुलाखतीत लोक तेवढंच विचारत बसायचे. मीनलला फोन केल्याचं त्यांनी मला सांगितलं. ती काय म्हणाली हे सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. मात्र पुढचे दोन-तीन रविवार फोन आलाच नाही, हे मला त्यांच्या सोमवारच्या तोंडावरून कळत होतं.

मीनल मला प्रत्यक्ष भेटली ती बाईंच्या निवृत्तीला. आईला आणि सामानाला सांगलीला घेऊन जायला ती आली होती. सामान बांधता बांधता तिने आपण होऊनच विषय काढला. म्हणाली, "ताई, आईने पेपर चुकल्याचं सांगितलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मग ती म्हणाली, मला तिथे आवडलं होतं. मी फोन आपटला." लहानपणापासून तिला सगळे सांगत आले होते की आईने त्याग केला. त्याग करणाऱ्या माणसावर रागवायचं कसं? रागावलं तर आपणच वाईट ठरतो. त्या दिवशी तिला आईवर पहिल्यांदा मनसोक्त रागावता आलं. रागावून झाल्यावर एका रविवारी तिने फोन केला आणि विचारलं, काय काय आवडलं होतं? बाई मग थांबेनातच. नदीकाठचा सायकलचा रस्ता, पहिला बर्फ, घरमालकिणीचं मांजर. "माझी आई इतकं बोलते, हे मला माहीतच नव्हतं," मीनल म्हणाली आणि दोरीची गाठ दाताने ओढायला लागली.

स्टेशनवर बाईंना निरोप द्यायला निम्मा विभाग आला होता. मुलांनी पायाला हात लावले, कुणी रडलं. मी फार रडले, हे सांगायला मला काही वाटत नाही. त्या खिडकीतून म्हणाल्या, रडतेस काय, आम्ही काय सीमेवर ठाण मांडायला आलो होतो व्हय? मीनल त्यांच्या खांद्याला टेकून पाण्याच्या बाटलीचं बूच उघडत होती.

त्यानंतर मला जयपूरमध्येच नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. तो चार वर्षांचा असताना मला परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून वर्षभरासाठी बोलावणं आलं. नवरा जा म्हणत होता, आई संभाळायला तयार होती, आणि सगळे एकच समजूत घालत होते, अगं, कामासाठीच तर जातेयस. मी सांगलीला फोन लावला. बाईंचा आवाज खोल गेला होता, प्रकृती बरी नव्हती. जाऊ का, असं मी विचारलं.

"तुला जायचंय का?"

हो, मी म्हटलं.

"मग जा. पण कामासाठी जाते असं पोराला सांगू नकोस. काम चुकतं. मला जायचंय, असं सांग. रागावला तर रागावू दे."

मी मुलाला समोर बसवून तसंच सांगितलं. आईचा विरोध होता, एवढ्याशा पोराला असं बोलतात का म्हणून. तो रागावला. मला बुक्क्या मारल्या, माझी चप्पल गॅलरीतून खाली टाकली, विमानतळावर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिकडे असतानाच बाई गेल्या. मीनलने फोनवर सांगितलं.

वर्षाने घरी आले तेव्हा मुलगा माझ्याजवळ येईना. आणलेली खेळणी त्याने उघडली नाहीत. आजीच्या आडून बघायचा आणि पळायचा. मी जबरदस्ती केली नाही, पण आतून अगदी तुटत होते. असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी तो जमिनीवर पालथा पडून चित्र रंगवत होता आणि मी शेजारून कपडे उचलून नेत होते, तेव्हा मान वर न करताच त्याने विचारलं, "मम्मा, वहाँ मज़ा आया?"

हो, मी म्हटलं. खूप मजा आली. आणि तुझी आठवणही खूप आली.

त्याने थोडा वेळ निळा रंग घासला. मग रंगपेटी एका बाजूला सरकवून शेजारी जागा केली आणि म्हणाला, "तो बता ना."